कुंड एका वळणावर होतं

आपला देवावर विश्वास आहे असं मी आयुष्यभर धरून चालले होते. तो किती कच्चा आहे, हे जावई आजारी पडला तेव्हा कळलं. नितीन नरोलीच्या एका सूत कारखान्यात सुपरवायझर आहे. अंगात ताप असताना पाळी करून घरी आला आणि दारातच कोसळला. डेंग्यू निघाला. प्लेटलेट खाली खाली जायला लागल्या, पोटात पाणी झालं आणि त्याला आयसीयूत हलवलं. बाहेरच्या बाकावर मी बसले होते आणि शेजारी माझ्या विहीणबाई, नितीनची आई. माझी लेक मधुरा काचेच्या दारापाशी उभी होती, कितीही सांगितलं तरी बसायला तयार नव्हती. लहानपणापासून पाठ असलेली स्तोत्रं मी मनात म्हणू पाहत होते आणि एकाही ओळीला पुढची ओळ सापडत नव्हती. शाळेत मुलांकडून कविता पाठ करून घेण्यात जन्म गेला माझा, आणि ऐन वेळी माझं स्वतःचं पाठांतर गेलं. त्याहून वाईट म्हणजे मला वाटून गेलं की आपण म्हणतोय ते ऐकणारं तिकडे कुणी नाहीच.

विहीणबाईंचं आणि माझं तोवर जेवढ्यास तेवढं होतं. मी चिपळूणकडची, लग्नानंतर यजमानांच्या सरकारी नोकरीमुळे सिल्वासात आले आणि इथल्या मराठी शाळेत शिक्षिका झाले. त्या शिरपूरकडच्या. त्यांचे यजमान लवकर गेले, त्यांनी शेतात राबून एकुलत्या मुलाला शिकवलं आणि त्याला इथे नोकरी लागल्यावर नरोलीत राहायला आल्या. लग्नात मानपानावरून काहीबाही झालं होतं. भांडण असं नाही, पण दोघींच्याही मनात एकेक खडा राहिला होता. भेटलो की मी 'विहीणबाई' म्हणायचे, त्या त्यांच्याकडच्या पद्धतीने 'इहीणबाई' म्हणायच्या, चहा व्हायचा आणि दोघीही कधी एकदा निघतोय असं बघायचो.

त्या दुपारी माझ्या यजमानांनी आमच्या आमलीच्या सोसायटीच्या वॉचमनबरोबर डबा पाठवला. हा वॉचमन नेपाळचा, रसुवा जिल्ह्यातला, माझ्याहून थोडा लहान असेल. डबा देऊन तो लगेच गेला नाही. जरा घुटमळला आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, हमारे पहाड में गोसाईकुंड है. जहर पीने के बाद महादेव को जो जलन हुई ना, वो वहीं के पानी से शांत हुई. उनको बोलो. बुखार की जलन वो समझते हैं." एवढंच बोलून तो गेला. मी कधी नावही न ऐकलेलं ते कुंड, पण त्याचं शेवटचं वाक्य माझ्या आत कुठेतरी रुतलं. ज्याने स्वतः दाह सोसला त्याला दुसऱ्याचा ताप कळेल. मी हात जोडले आणि मोठ्याने बोलून गेले, "महादेवा, हा पोरगा उठू दे, मी तुझ्या दारी येईन." शेजारून विहीणबाईंचा आवाज आला, "मी बी येईन."

नितीन उठला. त्याला घरी आणला त्या दिवशी सगळ्यांचे डोळे वाहत होते. माझ्या मनात मात्र एक किडा वळवळत होता. तो औषधांनी बरा झाला की नवसाने? डॉक्टरांनी रात्रीचा दिवस केला होता. मग आपण कुणाचे उपकार फेडायला निघालोय? हे कुणाला बोलले नाही. बोललेला शब्द पाळायचा, एवढंच ठरवलं. दूरच्या देशात, एवढ्या उंचीवर, या वयात कशाला, असं यजमान म्हणत होते. गुडघ्यांमुळे ते स्वतः येऊ शकत नव्हते. विहीणबाईंना कुणी विचारलंच नाही, कारण त्यांनी बॅग कधीच भरायला घेतली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं ठरलं. त्याआधी काही आठवडे आम्ही दोघी सकाळी खेरडीच्या रस्त्याने चालायला जायचो. त्या पुढे, मी मागे. त्यांची चाल बघून मला लाज वाटायची. "इहीणबाई, तुम्ही खुर्चीवरची माणसं," त्या हसून म्हणायच्या, "सावकाश चला, तुमच्याशिवाय काही मी देवाकडे पोचत नाही." बोलणं चेष्टेचंच होतं, पण मला ते टोचायचं. मनात म्हणायचे, तिथे दाखवेन.

मुंबईहून विमानाने काठमांडूला गेलो. पशुपतिनाथाचं दर्शन घेतलं, बुढानीलकंठाला पाण्यात पहुडलेला विष्णू पाहिला, स्वयंभूच्या पायऱ्या चढलो. नवलाईचे दिवस होते ते. विहीणबाई आयुष्यात पहिल्यांदाच परदेशी आल्या होत्या आणि दर दुकानापाशी थांबून "हे तर आपल्याकडं बी मिळतं" असं म्हणत होत्या. वॉचमनचा मेव्हणा सोनाम आम्हाला वाट दाखवायला येणार होता. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने पहिल्याच दिवशी हिंदीत बजावून सांगितलं, वर हवा विरळ असते, डोकं दुखलं, मळमळलं, तर लगेच सांगायचं, लपवायचं नाही. आम्ही दोघींनी शाळकरी मुलींसारख्या माना डोलावल्या.

जीपने धुन्चे नावाच्या गावी पोचलो आणि तिथून चढण सुरू झाली. पहिला दिवस जंगलातून उभ्या चढाचा होता. लालभडक गुरांसाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, फुलं वाटेवर सांडलेली, अंगाला घाम आणि पायात गोळे. संध्याकाळी चंदनबारीला पोचलो तेव्हा माझे पाय थरथरत होते. विहीणबाई मात्र ताठ बसल्या होत्या. डाळभात आला, त्यांनी थोडा खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "हा तांदूळ मला नाही आवडत." मला ते पटलं. आमच्या नात्यात याहून जास्त विचारायची पद्धतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी लौरीविनाला पोचेपर्यंत झाडं संपली. सगळीकडे बुटकी खुरटी झुडपं, समोर बर्फाचे डोंगर आणि एवढं मोकळं आकाश की छातीत धडकी भरावी. खरं तर त्या दिवशी तिथेच मुक्काम करायचा होता. पण आम्ही दुपारच्या आधीच पोचलो, ऊन छान होतं, आणि विहीणबाई म्हणाल्या, "आज सोमवार आहे. आजच दर्शन होऊन जाऊ द्या." मलाही मोह झाला. सोनामने आमच्या तोंडांकडे निरखून पाहिलं आणि दोघींना विचारलं, डोकं दुखतंय का? मी नाही म्हणाले, ते खरं होतं. विहीणबाईही नाही म्हणाल्या. सोमवारामुळे वर खोल्या भरतील, म्हणून आमच्या पिशव्या घेऊन तो पुढे गेला. वाट एकच आहे, फाटे नाहीत, सावकाश या, खोली सांगून मी उलट येतो, असं त्याने समजावलं.

तो गेला आणि थोड्याच वेळात ढग आले. खालून, दरीतून, धुरासारखे वर चढत आले आणि बघता बघता पुढची वाट पुसली गेली. एका हाताला डोंगराचा कडा, दुसऱ्या हाताला पांढरं काहीतरी, ज्याला तळ आहे की नाही तेही कळत नव्हतं. वाट चांगली बांधलेली होती, पण अरुंद. आतापर्यंत पुढे असणाऱ्या विहीणबाई आता माझ्या मागे होत्या. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग त्यांच्या काठीचा आवाज ऐकू येईना म्हणून वळून पाहिलं. त्या उभ्या होत्या. पाऊल टाकायचं कुठे, याचा विचार करत असल्यासारख्या.

"दमलात का?" मी विचारलं.

"नाही वो. चला तुम्ही. मी येऊनच राहिले."

त्या आल्या, पण दारू प्यायलेल्या माणसासारख्या. एक पाऊल कड्याकडे, एक दरीकडे. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. ओठ जांभळे झाले होते. डोळे माझ्याकडे होते, पण त्यांना मी दिसत होते का, कुणास ठाऊक. मी त्यांना कड्याच्या बाजूला दगड रचून केलेल्या आडोशाला बसवलं, पाणी दिलं. ते पोटात ठरलं नाही. वरून बारीक गारा पडायला लागल्या. माझ्या फोनला रेंज नव्हती. सोनामला हाका मारल्या तर आवाज चार हातांवर त्या धुक्यात विरून जायचा.

तेवढ्यात वरून दोन परदेशी तरुण उतरत आले, घाईत होते. मी हाताने विचारलं, कुंड? त्यांनी हसून बोटाने दाखवलं, एक वळण, मग आलंच. अर्धा तास, असं काहीसं म्हणाले आणि मी पुढे काही सांगायच्या आत ढगात गेलेसुद्धा. आणि मग माझ्या मनात जे आलं ते लिहिताना आजही हात थबकतो. आलं असं की, एवढ्या लांब आलोय. एक वळण. विहीणबाईंना इथे आडोशाला शाल गुंडाळून बसवावं, धावत जाऊन नमस्कार करावा, सोनामला घेऊन परत यावं. नवसही फिटेल आणि मदतही मिळेल. किती शहाणपणाचा दिसत होता तो विचार! विहीणबाईंनीही जणू तो ओळखला. जड जिभेने म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, इहीणबाई. माझा बी नमस्कार सांगा." आणि त्यांनी डोळे मिटले.

मी उठले. दोन पावलं वरच्या दिशेने टाकली. पाय पुढे जात होते आणि छातीत कुणीतरी मागे ओढत होतं. मी भररस्त्यात उभी राहून रडकुंडीला येऊन म्हणाले, "देवा, तुझ्याकडेच यायचंय ना? मग सांग ना काय करू. एकदा तरी सांग."

उत्तर वगैरे आलं नाही. धुक्यातून एक म्हातारी आली. अंगावर जाड लोकरीची शाल, हातात काठी, पाठीला सुक्या झुडपांची मोळी. ती वरून खाली निघाली होती. मला बघून ती थांबली, मग आडोशाकडे पाहिलं आणि मोळी तिथेच टाकून विहीणबाईंपाशी जाऊन बसली. त्यांची हनुवटी वर करून तोंड पाहिलं. हाताला धरून उभं केलं, चालायला लावलं. त्या लगेच एका बाजूला कलंडल्या. म्हातारीचा चेहरा बदलला. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "लेक लाग्यो."

मला फक्त 'लेक' कळलं. नेपाळीत त्या शब्दाचा अर्थ उंच डोंगर, आणि 'लेक लागणं' म्हणजे उंचीवरची हवा बाधणं, हे मला फार नंतर सोनामने सांगितलं. त्या क्षणी माझ्या कानांनी आमचा, मराठीतला 'लेक' ऐकला आणि माझ्यासमोर मधुरा उभी राहिली, आयसीयूच्या काचेपाशी उभी होती तशी. हिच्या सासूला मी डोंगरावर एकटीला टाकून गेले, हे मी लेकीला काय तोंडाने सांगणार होते?

तरी माझा हात वरच्या वाटेकडे गेला. कुंड, म्हणाले मी. म्हातारीने सरळ माझे दोन्ही खांदे धरले आणि मला गर्रकन फिरवलं. उताराकडे तोंड करून. "तल," ती म्हणाली. "तल, तल!" हा शब्द कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तळाकडे. खाली. मी शेवटचं एकदा मान वळवून वर पाहिलं. ढगांशिवाय काही दिसत नव्हतं. "बरं," मी म्हणाले. कुणाला म्हणाले, मला माहीत नाही. पण ते म्हटल्याबरोबर अंगातला एक पीळ सुटला, आणि त्या जागी नुसती भीती उरली, स्वच्छ भीती, जिच्याबरोबर माणसाला काम करता येतं.

वाटेवरून तिघी शेजारी शेजारी मावत नव्हतो. म्हातारी पुढे झाली, विहीणबाईंचे दोन्ही हात स्वतःच्या खांद्यांवर ठेवून घेतले. मी माझी ओढणी त्यांच्या कमरेला बांधून टोक मनगटाला गुंडाळलं आणि मागून धरत चालले. गारांनी दगड निसरडे झाले होते. एकदा विहीणबाईंचा पाय दरीच्या बाजूला घसरला आणि ओढणीला असा हिसका बसला की मी गुडघ्यांवर आपटले. म्हातारीने न वळता मागे हात घालून त्यांचा पदर पकडला. तिघी तशाच थोडा वेळ थांबलो, श्वास घेत. मग पुन्हा निघालो. मी काहीतरी बोलत राहिले, त्यांना जागं ठेवायला. नितीनचं नाव घेतलं, मधुराचं घेतलं, खेरडीच्या रस्त्याबद्दल बोलले.

मध्येच त्या थांबल्या आणि खाली बसल्या. "कंपनीची बस येईल आता," त्या म्हणाल्या, "नितीनचा डबा भरायचा राहिला वो." मी म्हटलं, विहीणबाई, आपण डोंगरावर आहोत. त्यांनी माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं पाहिलं. "तुम्ही कोण वं बाई?" उठवायचा प्रयत्न केला तर उठेनात. आम्ही दोन म्हाताऱ्या बायका, एक माझ्याहून म्हातारी. भरलेलं शरीर त्यांचं. उचलणार तरी कसं? दिवस कलायला लागला होता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि खरं सांगते, त्या वेळी मी काही मागितलं नाही. मागण्याएवढं सुचतच नव्हतं. फक्त म्हणत होते, तू बघ आता. तू बघ. म्हातारी उभी राहून खालच्या आणि वरच्या दोन्ही दिशांना कान देत होती.

वरूनच आवाज आला. गप्पांचा. दोन पुरुष, पाठीवर रिकाम्या डोका, म्हणजे आपल्याकडच्या डालग्यासारख्या मोठ्या विणलेल्या टोपल्या, ज्यांचा पट्टा कपाळावरून घेतात. वरच्या लॉजवर तांदूळ पोचवून परत निघाले होते. म्हातारीने त्यांना काय सांगितलं कळलं नाही, पण आवाजात असा दरारा होता की त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. एकाने कोयत्यासारखं हत्यार काढून आपल्या टोपलीची एक बाजू कापली, बसायला जागा केली. त्याच्या पोटापाण्याची वस्तू होती ती. चादर घातली, विहीणबाईंना पाठीला पाठ लावून बसवलं, ओढणीने बांधलं आणि कपाळाला पट्टा लावून तो उठला. गुडघे सरळ करताना त्याच्या तोंडून एक हुंकार निघाला. मग ते दोघे निघाले आणि मी त्यांच्यामागे जवळजवळ पळत होते. थोडं गेलं की दुसरा घ्यायचा, मग पहिला. टोपलीतून विहीणबाईंची मान डुगडुगताना दिसायची आणि दर वेळी मला वाटायचं, गेल्या.

लौरीविनाला माणसं थांबली नाहीत, म्हातारीने थांबूच दिलं नाही. ती स्वतः मात्र तिथेच चहाच्या टपरीच्या दारात टेकली. मी तिच्या पायांवर हात ठेवायला वाकले तर तिने माझा हात झटकून खालची वाट दाखवली. तल. एवढाच निरोप. तेवढ्यात वरून सोनाम धावत आला, चेहरा राखेसारखा झालेला. वर खोली मिळायलाच वेळ गेला, मग आम्हाला शोधायला निघाला तेव्हा वाटेत म्हातारीची टाकलेली मोळी दिसली आणि तो पळतच सुटला, असं त्याने नंतर सांगितलं. तो क्षणभर म्हातारीशी बोलला आणि आमच्यामागे आला.

झाडं पुन्हा दिसायला लागली तशी हवा जड, ओलसर झाली. मी टोपलीच्या शेजारून चालत होते. एका वळणावर विहीणबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि स्पष्ट आवाजात विचारलं, "इहीणबाई, माझी चप्पल कुठंय?" त्यांच्या पायात बूट होते. पण त्यांनी मला ओळखलं होतं. मी मटकन वाटेतच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. तो टोपलीवाला बिचारा घाबरून थांबला. त्याला वाटलं, वाईट झालं.

चंदनबारीला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. चुलीपाशी त्यांना बसवलं, गरम सूप दिलं, ते राहिलं पोटात. बोलण्यातला जडपणा हळूहळू उतरला. मग त्यांनी विचारलं, "कुंड झालं का आपलं?"

"नाही. आपण खाली आलो."

त्यांनी सुपाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्यामुळं तुमचा नवस राहिला. पहिल्या रातीपासूनच डोकं फुटून राहिलं होतं माझं. बोलली नाही मी. म्हटलं, तुम्ही म्हणाल, एवढी शेतात राबलेली बाई आन् दोन टेकड्या चढेना."

मी त्यांना सांगितलं की मी मनातल्या मनात त्यांना हरवायला निघाले होते. त्या मागे पडल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या हसायला लागल्या, आधी हळू आणि मग खोकला येईपर्यंत. लग्नापासून मनात धरलेले खडे त्या चुलीपाशी कधी विरघळले, कळलंच नाही. त्या रात्री त्यांनी माझा हात धरून झोप घेतली. मी जागी राहून त्यांचा श्वास ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी उतरताना टोपलीवाले आमच्याबरोबरच होते, पण विहीणबाई हट्टाने बरंचसं चालल्या. सोनामला मी म्हातारीबद्दल विचारलं. तो म्हणाला, ती लौरीविनाच्या टपरीवाल्याची आई. वर नातेवाईकांकडे राहायला गेली होती, अजून काही दिवस राहणार होती. सोनामने तिला विचारलं होतं, आजच कशी उतरलीस आमा, हवा एवढी खराब असताना? ती म्हणाली, मनात आलं. आपला म्हातारा एका पावसाळ्यात त्याच वाटेवर असाच बसला होता आणि पुन्हा उठला नाही, हेही तिने सांगितलं होतं. सोनामने ते मला सांगितलं आणि पुढे चालायला लागला.

धुन्चे जवळ आलं तेव्हा एक खळाळती नदी लागली, तिच्यावर पूल. येताना आम्ही तो घाईघाईत ओलांडला होता. पुलापाशी सोनाम थांबला आणि सहज सांगावं तसं म्हणाला, "ये पानी ऊपर कुंड से आता है, मॅडम. वहीं से निकलता है."

आम्ही दोघी काठाला उतरलो. पाणी इतकं गार होतं की बोटं बधिर झाली. विहीणबाईंनी ओंजळ भरून कपाळाला लावली, मी डोळ्यांना लावली. वाटेत वेचलेलं गुरांसाचं एक फूल त्यांनी पाण्यात सोडलं आणि ते गिरक्या घेत खाली गेलं. "आपण नाही पोचलो," त्या म्हणाल्या, "त्यो आला." मी इतकी वर्षं व्याकरण शिकवलं, पण एवढ्या थोड्या शब्दांत इतकं मला कधी सांगता आलं नव्हतं. तिथे फोनला रेंज होती. मधुराला फोन लावला, मागून नितीनचा आवाज येत होता, आई कशी आहे म्हणून. "बरी आहे," मी म्हणाले आणि पुढचं विहीणबाईंनाच बोलायला दिलं.

धुन्चेच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन लावला आणि मेंदूला सूज यायला लागली होती, असं सांगितलं. मी विचारलं, वरच मुक्काम केला असता तर? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

सिल्वासाला परतल्यावर सगळे विचारायचे, दर्शन कसं झालं? सुरुवातीला मी पूर्ण हकिकत सांगायचे. कुणी म्हणायचे, अरेरे, एवढ्या जवळ जाऊन राहिलं. कुणी म्हणायचे, ती म्हातारी म्हणजे साक्षात पार्वती. मी दोन्हीला नुसती हसते. ती टपरीवाल्याची आई होती, तिला नातवंडं आहेत, तिचे गुडघे दुखतात. मला तिच्यात आणखी काही शोधायचं नाही. तिच्या मनात आलं आणि ती निघाली, त्या दोघा टोपलीवाल्यांचे तांदूळ त्याच दिवशी पोचवून झाले होते. याच्यामागे कुणाचा हात होता, हे सिद्ध करायची माझी इच्छा सरली आहे. नितीन औषधाने उठला की नवसाने, हा जुना किडासुद्धा असाच कधीतरी शांत झाला. हातांना बळ देणारा एकच असेल, तर कुठला हात कुणाचा हे मी कशाला मोजत बसू?

एक मात्र बदललं. देवापुढे मी अजूनही मागते. मागत नाही म्हणाले तर ते खोटं ठरेल. मधुरासाठी मागते, नितीनसाठी, विहीणबाईंच्या तब्येतीसाठी. पण पूर्वी मागून झालं की मी माझी वाट ठरवून त्याला त्या वाटेवर बोलवायचे. आता मागून झालं की थोडा वेळ नुसती बसते आणि म्हणते, मी चुकीच्या दिशेला निघाले असेन तर खांदे धरून फिरव. या वेळी मी लवकर वळेन.